बिनजाळाची भाकरी

डॉक्टर म्हणाले होते, "जमलं तर बघा." पण मृत्युंजयच्या कानांचा एक जुना स्वभाव होता. वाक्यात 'जमलं तर' आलं की ते बाहेरच्या बाहेर गळून पडायचं. त्यामुळं दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याच्या डोक्यात एवढंच शिल्लक होतं, की घरातला गॅस गेला पाहिजे, विजेची शेगडी आली पाहिजे, आणि दोन्ही आजच झालं पाहिजे.

कारण होतं रत्नव्वांचा खोकला. रत्नव्वा म्हणजे मृत्युंजयची आई. माहेर संकेश्वराकडचं, त्यामुळं राग साधा असला तर मराठीत आणि खरा असला तर कानडीत. निम्मं आयुष्य चुलीपुढं गेलं, उरलेलं उत्तरेश्वर पेठेतल्या हातभर खिडकीच्या स्वयंपाकघरात गॅसपुढं. जोंधळ्याची भाकरी सुनेच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या, आणि गॅस पेटला की त्यांचा खोकला पेटायचा. गेली चार वर्षं घरात असं चाललं होतं, की वाक्याची सुरुवात रत्नव्वांनी करायची, मधे खोकल्यानं शिरायचं आणि शेवट ज्यानं त्यानं आपल्या मनानं जुळवून घ्यायचा. "शिवलीला, ती डाळ—" एवढं कानावर आलं की सून शिवलीला डाळ उतरवायची. कधी कधी ती उतरवायची नसायची, चढवायची असायची. पण तोवर खोकला संपायचा आणि डाळही गार व्हायची. माणसं गोड आहेत, बोलणं मोजकं आहे, असा ह्या घराचा गल्लीत लौकिक झाला होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की जाळ चुलीचा असो की गॅसचा, कोंडलेल्या खोलीत तो हवा बिघडवतोच. फोडणीचा धूर वेगळा. खिडकी उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा, आणि जमलं तर विजेच्या शेगडीचं बघा.

मृत्युंजय शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत खरेदी विभागात होता. तिथं विजेच्या भट्टीत लोखंडाचं पाणी होताना तो रोज बघायचा. म्हणजे लांबून, काचेतून, चहा पिताना. तरी त्या भट्टीबद्दल त्याला घरच्या माणसासारखा अभिमान होता. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर त्यानं जाहीर केलं, "उद्यापासनं आमच्यात गॅस बंद. सगळं विजेवर."

कट्ट्यावर पिराजी होता. एसटीतनं रिटायर झाल्यापासून तो सल्ल्यांची फेरी न चुकता सोडायचा. तो म्हणाला, "मर्दा, करंट अन्नात उतरतोय. अन्नातनं माणसात. माझ्या साडूनं विजेवरचा भात खाल्ला, तर महिनाभर केस खाली बसंनात. टोपी घातली की टोपी वर."

"पिराजीमामा, तुमच्या साडूला टक्कल हाय."

"मग कशानं पडलं म्हणतोस?"

तेवढ्यात तालीम मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह मिशीवरनं पालथी मूठ फिरवत म्हणाले, "आणि लाईट गेल्यावर काय खाणार? बल्ब?"

कट्टा हसला. मृत्युंजयला सगळं सोसायचं, कट्ट्याचं हसू सोसायचं नाही. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या घरात ह्याच्यापुढं जाळ दिसला, तर मिशी काढून ठेवीन."

"आधी ठेव तर," विजयसिंह म्हणाले.

आता माघार घेणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेठ वडगावहून मेहुण्याचा टेम्पो आला आणि दोन्ही सिलिंडर, शेगडी, लायटर आणि वर रबरी नळीसुद्धा घेऊन गेला. बहिणीच्या घरचं काही न्यायचं म्हटलं की मेहुणे आढेवेढे घेतात असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला आणि मगच मृत्युंजयनं आदल्या दिवशी आणून ठेवलेल्या नव्या शेगडीचं खोकं फोडलं.

काळीभोर काच, तीवर दोन गोल. रत्नव्वांनी वाकून बघितलं, तर त्यात त्यांचंच तोंड दिसलं. "ह्यात भाकरी करायची, का कुक्कू लाव—" त्या म्हणाल्या आणि खोकला आला.

शिवलीलानं पातेलं ठेवलं. शेगडी टीं टीं करून गप्प झाली. कुकर ठेवला. टीं टीं. पितळेचं, तांब्याचं, जर्मनचं, घरात जे जे म्हणून होतं ते सगळं त्या काचेवर बसून अपमान करून घेऊन खाली उतरलं. दुकानदाराला फोन लावला तेव्हा तो गोड आवाजात म्हणाला, "साहेब, भांड्याला चुंबक चिकटतंय का बघा. चिकटलं तरच चालतंय. सांगितलं नव्हतं व्हय?"

नव्हतं सांगितलं. की सांगितलं होतं आणि वाक्यात 'तरच' होतं म्हणून ते गळून पडलं, कुणास ठाऊक.

चुंबक आणायचा तर मृत्युंजयनं घरातल्या कॅलेंडरचा आणायचा नाही. फौंड्रीत वाळूत सांडलेलं लोखंड उचलायला जो असतो, दोन्ही हातांनी धरायचा, तसला तो स्टोअरमधून मागून घेऊन आला. घरात पाऊल टाकताक्षणी चुंबकानं त्याला ओढत नेलं आणि धाडदिशी लोखंडी कपाटाच्या दोन्ही दारांच्या मधोमध जाऊन तो बसला. कपाट मिटलं ते मिटलंच. ऑफिसचे सगळे शर्ट आत. दुसऱ्या दिवशी मृत्युंजय लग्नातला रेशमी कुडता घालून कामाला गेला आणि दिवसभर "साखरपुडा कुणाचा?" ह्या प्रश्नाला तोंड देत राहिला. संध्याकाळी पिराजी आणि विजयसिंहांनी पहार लावून चुंबक सोडवला. तेव्हा तो पिराजीच्या चाव्यांचा जुडगा घेऊनच सुटला.

मग सुरू झाली भांड्यांची परीक्षा. मृत्युंजय ओसरीवर चुंबक मांडून बसला आणि शिवलीला एकेक भांडं आणून द्यायला लागली. तवा चिकटला. कढई चिकटली. बाकीचा संसार नापास झाला. समोरच्या घरातल्या चिमणाबाई उंबऱ्यात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

"काय बघालाय ओ?"

"चालणारं कुठलं आन् न चालणारं कुठलं, ते बघतोय."

चिमणाबाईंनी हे वाक्य गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. निघताना ते 'चालणारं आणि न चालणारं' होतं, वाटेत 'चांगलं आणि वाईट' झालं आणि तालमीपाशी पोचेपर्यंत 'खरं आणि खोटं' झालं. मृत्युंजय चहा पिऊन बाहेर आला तर दारात रांग. कुणाच्या हातात समई, कुणाच्या हातात पाळण्याच्या कड्या, एका आजोबांच्या हातात दातांची कवळी.

"पावणं, हे खरं हाय का बघा की जरा."

दात प्लॅस्टिकचे होते, ते कशाला चिकटतील? "न्हाय चिकटत," मृत्युंजय म्हणाला. आजोबांचा चेहरा पडला. "तरी म्हटलं डॉक्टर लबाड दिसतोय," म्हणत ते कवळी खिशात घालून निघून गेले.

इथंच सगळं थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण रांगेत वर्षाराणी उभी होती. विजयसिंहांची बायको. तिनं गळ्यातला सोन्याचा गोफ काढला आणि सहज, गंमत म्हणून, चुंबकाजवळ धरला.

गोफ टचकन चिकटला.

चुंबकाला लोखंड चिकटतं, सोनं चिकटत नाही, हे एवढा वेळ मृत्युंजयनंच सगळ्यांना मोठ्यानं समजावून सांगितलं होतं. वर्षाराणीनं गोफ ओढला. तो पुन्हा चिकटला. तिनं एकवार गोफाकडं बघितलं, एकवार तालमीकडं. विजयसिंह तिकडं कुणाला तरी घराण्याच्या इभ्रतीबद्दल काहीतरी सांगत होते. मग ती सरळ मृत्युंजयच्या स्वयंपाकघरात गेली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मी आता त्या घरात जात न्हाय."

विजयसिंह धावत आले. "आगं, खरं सोनं हाय! गुजरीतल्या सोनाराकडनं घेतलंय!"

"मग चिकटलं कसं?"

"ह्याचं चुंबकच वंगाळ हाय!"

"माझ्या कारखान्याचं चुंबक हाय ते," मृत्युंजय म्हणाला. खरं तर इथं त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण प्रश्न फौंड्रीच्या अब्रूचा होता. "टनावर टन लोखंड उचलतंय. खोटं कशाला बोलंल?"

ह्या वाक्यानंतर विजयसिंह आणि मृत्युंजय यांचं बोलणं बंद झालं. त्यात रविवार पडला, गुजरीतला तो सोनार गावाला गेलेला, आणि वर्षाराणी स्वयंपाकघरातच राहिली.

दरम्यान सपाट बुडाची नवी भांडी आली होती. भात शिजत होता, आमटी उकळत होती, पण भाकरी जमत नव्हती. घरचा तवा चिकटत असला तरी बुडाला गोल, तो काचेवर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरायचा. नवा सपाट तवा आणला, तर भाकरी फुगेना. भाकरी तव्यावरनं काढून जाळावर टाकायची, ती टम्म फुगायची, हे रत्नव्वांच्या हाताला ठाऊक. इथं जाळ कुठाय? जे तयार झालं ते पापड म्हणावा तर जाड आणि भाकरी म्हणावी तर मुकी. रत्नव्वांनी ती उचलून मृत्युंजयच्या पुढ्यात ठेवली आणि परातीतलं पीठ झाकून हात जोडले.

"अव्वा, सवय हुईल की."

"माझ्या हातानं आजवर असली भाकरी—" त्या म्हणाल्या. पुढं खोकला नव्हता, तरी त्या थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते. मृत्युंजयला पहिल्यांदा वाटलं, की कट्ट्यावर आपण जरा लवकरच उठून उभे राहिलो. त्यानं ती मुकी भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर सगळी खाल्ली. वडगावच्या मेहुण्याला गुपचूप फोन करून बघितला, तर त्यानं सिलिंडर जोडूनही टाकलं होतं आणि वर म्हणाला, "भावजी, झ्याक चालतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर तापलं होतं. शिवलीला आमटीला बसली होती. वर्षाराणी घामानं भिजली होती, तिनं सवयीनं हात लांब करून बटण दाबलं. स्वयंपाकघरात एक जुना पंखा होता. स्वयंपाक चालू असताना तो कधी लावायचा नसतो, म्हणून त्याच्या पात्यांवर धुळीची गादी साचली होती.

"अगं बंद कर, जाळ इझंल—" रत्नव्वा ओरडल्या.

पण जाळच नव्हता. पंखा कुरकुरला, धूळ झटकली आणि फिरायला लागला. आमटी खाली निवांत उकळत होती. रत्नव्वा पंख्याकडं बघत राहिल्या. एवढ्या आयुष्यात अन्न शिजताना वारा अंगावर घेतलेला त्यांना आठवत नव्हता. त्या हळूच पुढं सरकल्या, बरोबर पंख्याखाली बसल्या, डोक्यावरचा पदर त्यांनी मागं टाकला आणि डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं डोळे उघडून त्या म्हणाल्या, "परात आण."

त्या दुपारी दार लावून आत काय चाललं ते कुणाला बघू दिलं नाही. फक्त "तसं न्हवं, कडंनं दाब", "फडकं वल्लं कर" असं ऐकू येत होतं. जाळाच्या ऐवजी ओल्या फडक्यानं तव्यावरच कडा दाबायच्या, की वाफ आत कोंडते आणि भाकरी आपसूक वर येते, हे रत्नव्वांनी, शिवलीलानं आणि नवऱ्यावर रुसलेल्या वर्षाराणीनं मिळून शोधून काढलं. दार उघडलं तेव्हा तव्यावर भाकरी चेंडूसारखी फुगलेली होती, आणि तिघी तिच्याकडं नवं बाळ बघावं तशा बघत होत्या.

सोमवारी सोनार परतला. त्यानं भिंग लावलं आणि हसत सांगितलं, की गोफ अस्सल आहे, फक्त अडकवायच्या कडीत बारीक स्प्रिंग असते ती पोलादाची. चुंबकाला चिकटली ती स्प्रिंग. वर्षाराणी घरी गेली. पण विजयसिंहांची इभ्रत घरी जायला तयार नव्हती. त्यांनी अट घातली, खुलासा जाहीर झाला पाहिजे. मग तालमीच्या स्पीकरवरनं मृत्युंजयला स्वतः बोलावं लागलं: "पेठेतील सर्व नागरिकांना कळवण्यात येते, की श्री. विजयसिंह यांनी पत्नीस घातलेला गोफ शंभर टक्के खरा आहे. चुंबकाच्या वतीनं मी दिलगिरी व्यक्त करतो." पिराजीनं टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा एकदा म्हणायला लावलं, कारण नदीच्या बाजूला नीट ऐकू गेलं नव्हतं.

आता सगळं मार्गी लागलं असं वाटून मृत्युंजयनं उत्साहानं विजेचा गीझर बसवला. संध्याकाळी शेगडी, गीझर आणि इस्त्री एकाच वेळी लागली. आधी घरात ठप्प झालं, मग बाहेर खांबावर ठिणगी उडाली आणि अख्खी गल्ली अंधारात गेली. ऐन मॅचच्या शेवटच्या षटकात. तेव्हापासून पार लांब शिये-बावड्याकडं लाईट गेली तरी लोक मृत्युंजयला फोन करून विचारायला लागले, "आता काय लावलंयस?"

जोडणीचा लोड वाढवून घ्यायला तो वीज कार्यालयात गेला. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरनं बघितलं.

"गिरणी काढताय?"

"न्हाय."

"वेल्डिंग?"

"भाकरी."

"किती माणसांची?"

"घरची. तिघांची."

"तिघांच्या भाकरीला एवढा लोड?" बाईंनी शेजारच्या टेबलाकडं अर्ज सरकवला. "साहेब येऊन बघून जातील."

साहेब आले ते नेमके भलत्या दिवशी. पंख्याखाली बसून भाकरी करता येते ही बातमी चिमणाबाईंनी नेहमीच्या वेगानं पोचवली होती, आणि ह्या वेळी ती वाटेत बदलली नव्हती. दुपार झाली की गल्लीतल्या बायका आपापलं पीठ घेऊन रत्नव्वांच्या स्वयंपाकघरात यायच्या. वारा घ्यायचा, भाकरी थापायची, ओल्या फडक्यानं दाबायला शिकायचं. मृत्युंजय सुट्टीला घरी असला तर त्याला ओसरीवर चटई मिळायची. साहेब दारात आले तेव्हा आत बायका दाटीवाटीनं बसलेल्या, टोपल्यात भाकऱ्यांची चळत, आणि पिराजी उंबऱ्यावर उभा राहून सांगत होता, "एकेक करून या, दमानं या."

"खाणावळ," साहेब म्हणाले.

"साहेब, घर हाय हे," मृत्युंजय म्हणाला.

"एवढ्या भाकऱ्या घरात? दारात माणूस उभा केलाय. व्यापारी जोडणी लागंल. दर वेगळा."

"पिराजीमामा, सांगा की तुम्ही."

पिराजी गंभीरपणे म्हणाला, "साहेब, मी फक्त लायनीचं बघतो."

मृत्युंजय बोलायला लागला. विजेच्या भट्टीपासून सुरुवात केली, मग चुंबक, मग गोफ, मग सोनार. साहेबांच्या कपाळावरची आठी प्रत्येक वाक्यागणिक वाढत गेली. शेवटी त्यांनी पेनचं टोपण काढलं. आणि तेवढ्यात आतून रत्नव्वा उठल्या. हात पिठानं माखलेले, पदर खोचलेला.

"काय लिवालाईस? थांब. खाणावळ म्हणतोस व्हय? ह्या घरात पैसं घिऊन कुणाला पाण्याचा तांब्या दिल्याला न्हाय, भाकरी इकायची लांबच ऱ्हायली. ह्या बायका शेजारणी हायत माझ्या. ही चिमणाबाई, हिच्या पोरीच्या बाळंतपणाला मी गेलती. ही वर्षाराणी, हिच्या नवऱ्याला मिशी हाय पण बायकूला समजवायची अक्कल न्हाय. त्यो पिराजी, त्याला घरात कोण इचारत न्हाय म्हणून दारात हुबा ऱ्हातोय. आन् ह्यो माझा ल्योक. आमचा मृत्युंजय लई हुशार समजतोय सोत्ताला, पर कुठली गोष्ट धड पुरी ऐकून घ्यायची म्हणशील तर न्हाय—"

मृत्युंजयचा चेहरा उतरला. गेली चार वर्षं 'आमचा मृत्युंजय लई हुशार' एवढंच त्याच्या कानावर यायचं. मग खोकला यायचा, आणि पुढचा भाग तो आपल्या मनानं अतिशय मायेनं जुळवून घ्यायचा. वाक्य मुळात असं होतं, हे त्याला आज, परक्या माणसासमोर कळत होतं.

शिवलीलानं त्याचा कोपर ओढला. "अहो, ऐकलंत का?"

"ऐकतोय की. अपमान चाललाय माझा."

"ते न्हवं ओ. आत्तींचा खोकला."

मृत्युंजय थबकला. त्यानं कान दिला. रत्नव्वा आता सिलिंडर नेणाऱ्या मेहुण्यावर आल्या होत्या. तिथून गोल तव्यावर, तिथून रेशमी कुडत्यावर, आणि मधे कुठंही खंड नव्हता. वाक्य सुरू होत होतं आणि आपल्या पायांनी चालत शेवटाला जात होतं. आवाज खणखणीत, अगदी त्याच्या लहानपणी गल्लीच्या टोकावरनं जेवायला हाक यायची तसा. आईच्या तोंडून 'बिनडोक' हा शब्द पुरा, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकताना माणसाचे डोळे भरून यावेत, हे साहेबांना चमत्कारिक वाटलं असावं. ते त्याच्याकडं टक लावून बघत होते.

मृत्युंजय मधे पडायला गेला. "अव्वा, साहेबास्नी उशीर—"

"सुम्मन कूड!" रत्नव्वा कानडीत कडाडल्या, आणि तो हसत हसत चटईवर जाऊन गप्प बसला.

साहेबांनी कागदावर 'घरगुती' असं लिहिलं, खाली सही केली, आणि तो रत्नव्वांना दिसेल असा उंच धरला. त्याचा काही उपयोग झाला नाही. रत्नव्वा आता डॉक्टरांवर पोचल्या होत्या. शेवटी साहेबांनी दोन्ही हात जोडले आणि काकुळतीला येऊन म्हणाले, "आज्जी, झालं काम. जरा दम घ्या की."

"दम घिऊ?" रत्नव्वा म्हणाल्या. "बाबा, चार वर्सांनी आलाय त्यो. वापरू दे की जरा."